दोन झाकणं औषध

ऋतू पालटला की चष्मेवाल्यांच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. आत्याला खोकला लागायचा आणि परसातल्या टोमॅटोवर माव्याची कीड चढायची. या दोन्ही दुखण्यांना घरात शब्द मात्र एकच होता, औषध. मंडळी, तो शब्द तेवढा ध्यानात ठेवा. तुमच्या-आमच्या घरातही तो रोज बोलला जातो.

चष्मेवाले म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर ज्यांचं चष्म्याचं दुकान आहे ते. त्यांची आई लहानपणीच गेली. तळहाताच्या फोडासारखं जपलं ते आत्यानं. बाजार त्यांना साहेब म्हणे, आत्यासाठी ते अजून ‘भिंगोबा’च होते.

आत्याची माव्याशी लढाई मोठी बघण्यासारखी. सकाळी साबणाच्या पाण्याची बादली आणि मऊ फडकं घेऊन ती झाडांपाशी बसायची. पान उलटायचं, त्याची पाठ पुसायची, भुरीचे पांढरे डाग आलेली पानं खुडून पिशवीत बांधायची. हात कामात, तोंडात देवाचं नाव.

“आत्या, असं एकेक पान पुसत बसलीस तर कीड म्हातारी होऊन मरेल!” चष्मेवाले हसून म्हणाले.

“मरू दे की. म्हातारपणी आपल्या बिछान्यात मरणं काय वाईट आहे?”

“नको आता ही कटकट. मी जालीम औषध आणतो. एक फवारा मारला की खेळ खलास!”

आत्यानं फडकं पिळलं. “औषध? टोमॅटोला ताप आलाय का रे? ज्यानं जीव वाचतो ते औषध, भिंगोबा. ज्यानं जीव जातो त्याला विष म्हणतात.” मग तिनं एका पानावरचा लाल, काळ्या ठिपक्यांचा किडा दाखवला. “हा बघ, सकाळपासून मावा खातोय. बिनपगारी गडी आहे आपला. तुझं विष याला ओळखून सोडणार आहे का?”

“अगं, सगळी दुनिया औषधच म्हणते.”

“म्हणू दे. देवाचं नाव घेताना उच्चार चुकला तर कान पकडतोस ना? मग विषाचं नाव का चुकवतोस? नावाला फार ताकद असते बाबा. गोड नाव दिलं की माणूस दार उघडतो.”

चष्मेवाल्यांनी ते हसण्यावारी नेलं.

बी-बियाण्यांच्या दुकानदारानं ते मोठ्या कॅनमधून सुटं ओतून दिलं. बाटली घरूनच न्यायची होती. आत्याच्या खोकल्याची बाटली नुकतीच संपली होती. चष्मेवाल्यांनी ती धुतली, धुताना तिचं लेबल निघून गेलं. कोरी बाटली भरून आली आणि हाताशी असावी म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत बसली. पहिल्या फवाऱ्यात मावा गेला. झाडाखाली लाल किडे पाय वर करून पडले होते, ते कुणी पाहिले नाहीत. आणि खाणारेच मेले म्हटल्यावर मावा पुन्हा आला, दुप्पट जोमानं!

एके सकाळी दुकानाला निघताना चष्मेवाले बायकोला म्हणाले, “आज पुन्हा औषध मारायला हवं.”

“आणि आत्यांचं औषध संपलंय, तेही आणा,” ती पोळपाटावरून म्हणाली.

जाताजाता त्यांनी आत्याची नवी बाटली घेतलीही. पण दुकान उघडण्याच्या घाईत ती ड्रॉवरमध्ये ठेवली. म्हटलं, संध्याकाळी नेऊ.

दुपारी आत्याचा खोकला बळावला. खिडकीत ओळखीची बाटली दिसली. बायकोला वाटलं, आपण कामात असताना यांनी आणून ठेवली. तिनं फोन लावला.

दुकानात खुर्चीवर गिऱ्हाईक बसलेलं, चष्मेवाल्यांच्या हातात भिंग.

“अहो, खिडकीतलं औषध द्यायचं ना? किती देऊ?”

त्यांच्या डोळ्यांपुढे टोमॅटो आले. “हो, तेच. दोन झाकणं. पाण्यात मिसळ.”

“बरं.”

फोन ठेवून ते गिऱ्हाइकाला म्हणाले, “हं, आता खालची ओळ वाचा.”

घरी सूनबाईनं पेला पुढे केला. “आत्या, जरा उग्र वास येतोय हो याला.”

सर्दीनं आत्याचं नाक चोंदलेलं. “औषधाला काय अत्तराचा वास येणार? आण इकडे.” देवाचं नाव घेतलं आणि तिनं पेला रिकामा केला.

थोड्या वेळानं घरून पुन्हा फोन आला. चष्मेवाले धावत पोहोचले तेव्हा आत्या घामानं भिजली होती, तोंडातून लाळ गळत होती. त्यांनी सवयीनं तिची पापणी वर केली. आयुष्यभर डोळे पाहिलेला तो माणूस जागीच थिजला. आत्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

“काय दिलंस तिला?”

“खिडकीतलं. तुम्हीच सांगितलंत ना, दोन झाकणं!”

“अगं, ते झाडाचं होतं!”

“तुम्ही औषध म्हणालात हो!” तिनं हंबरडा फोडला. “मी औषध दिलं! मी आत्यांना औषध दिलं!”

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली. “यावर नाव का नाही? नेमकं काय आहे यात?” चष्मेवाल्यांनी दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, “किडीचं औषध आहे, साहेब. जालीम.” त्यापलीकडे त्यालाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी जमेल ते सगळं केलं. उजाडता उजाडता आत्या गेली. आपल्या बिछान्यातसुद्धा नाही.

त्यानंतर घरात कुणी कुणाला दोष दिला नाही. दिला असता तर बरं, इतकं घर गप्प झालं. बायको डोकं दुखलं तरी गोळी घेईना. एकदा तिला ताप भरला. चष्मेवाल्यांनी बाटली आणली, तिच्या उशाशी बसून लेबलावरचं अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचलं, आधी स्वतः एक घोट घेतला, मग तिच्यापुढे केला. दोघंही रडले. आता सकाळी दोघं बादली घेऊन बसतात. ते पान उलटतात, ती पाठ पुसते. कधी फवारणीची वेळ आलीच, तर ते नाव छापलेला सीलबंद डबा आणतात, मापानंच वापरतात आणि घराबाहेर कुलपात ठेवतात.

दुकानातली नवी बाटली त्यांनी ड्रॉवरमधून अजून काढलेली नाही. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मात्र बदलला. वरची, सर्वांत मोठी ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली. डोळे तपासायला कुणीही येवो, पहिल्यांदा तीच वाचावी लागते.

परवा एक म्हातारी खुर्चीत बसली. भिंग चढवताच एकेक शब्द लावत म्हणाली, “विषाला... औषध... म्हणू नका.” आणि वळून हसली. “हे काय लिहिलंय हो? हे तर लहान पोरालाही कळतं!”

“मला नाही कळलं, आजी,” चष्मेवाले म्हणाले. “पुन्हा एकदा वाचा. मोठ्यानं.”

मंडळी, तुमच्याही खिडकीत, फळीवर, न्हाणीघरात एखादी बिननावाची बाटली असेल. आज उठा आणि ती तिथून हलवा. विष पाण्याच्या, सरबताच्या, औषधाच्या बाटलीत कधीही ओतू नका, सुटं घेऊ नका, आणि घरात त्याला त्याच्या खऱ्या नावानंच हाक मारा. खरं नाव घेतलं असतं, तर आत्या आज पानं पुसत बसली असती.