मास्तरांची फळी माळ्यावर जाते

मित्रांनो, बोलायला सवड आहे, कारण मी जिन्यात अडकले आहे.

मी एक जुनी फळी आहे. शिंपी ज्या टेबलावर कापड बेततो, त्याची वरची जाड फळी. माझे एक टोक हमालाच्या खांद्यावर आहे, दुसरे मास्तरांच्या, म्हणजे आमच्या शिंप्याच्या, मुलाच्या छातीवर. कंबर कठड्यात रुतली आहे.

"फळी आहे की किल्ल्याचा दरवाजा?" हमाल धापा टाकत म्हणतो.

मला एकाच खोडातून काढले. मास्तर तेव्हा तरुण होते. सुताराने रंधा खाली ठेवला, तरी ते तळवा फिरवून म्हणाले, "इथं अजून धागा अडकेल." सुतार चिडला, पण त्याने मला पुन्हा घासले. तेव्हापासून...

थांबा, उचलतायत.

नाही. कठडा काढायला हवा. मास्तरांच्या मुलीने त्यांच्याच टेपने मला मोजले, जिना मोजला, माळ्याचे तोंड मोजले. कठडा तेवढा मोजायचा राहिला.

तर, तेव्हापासून मास्तर माझ्यापाशी उभे. बेतायचे ते उभ्यानेच, सगळा भार कात्रीवर देऊन. लग्नाचे कोट, शाळेचे गणवेश, सगळे माझ्यावर कापले गेले. हीच मुलगी लहानपणी दुपारी चिंध्या उशाला घेऊन माझ्यावर झोपायची. लोक म्हणायचे, मास्तरांचा हात चुकत नाही. मग लोक तयार कपडे घेऊ लागले. मास्तरांकडे यायच्या त्या फक्त आखूड करायच्या पँटी.

आता दुकानात औषधवाला येणार आहे. मास्तर एवढेच म्हणाले, "फळी वर नेता आली, तर मी वर काम करीन. नाहीतर कात्रीही देऊन टाका."

कठडा निघाला. कुरकुरत, भिंतीचा रंग खरवडत मी वर आले. मुलाने टेबलाचे पाय जोडून मला खिडकीखाली बसवले. हमालाने घाम पुसला. मास्तर कात्री घेऊन, एकेक पायरी धरत वर आले आणि उभे राहायला गेले.

डोके तुळईला लागले.

मास्तरांनी मान वाकवली, खडू घेतला, माझ्यावर रेघ ओढू लागले. पाठ साथ देईना. हात मध्येच थांबला.

"टेबलाचे पाय कापून घेऊ," हमाल म्हणाला.

"त्यानं छत वर जाणार आहे?" मास्तर म्हणाले. "कापायचेच तर माझे काप."

मुलगी हसली नाही. टेप अजून तिच्या गळ्यात होता.

"बाबा, तुमची उंची..."

"असू दे गं. वर आणलीत ना? झालं तर."

ते खाली गेले. कात्री माझ्यावरच राहिली.

सगळ्या गल्लीची मापे ज्यांनी घेतली, त्यांचे माप घ्यायचे कुणालाच सुचले नाही. त्यांनाही नाही. आता माझ्यावर औषधांचे खोके आहेत. खालून कुणीतरी गोळ्या मागते, औषधवाल्याचा पोऱ्या येतो, खोका नेतो. जिन्यावर मास्तरांचे पाऊल वाजत नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू जपायला घ्याल, तेव्हा तिच्यापाशी उभे राहणाऱ्या माणसालाही एकदा तिथे उभे करून बघा. आणि कधी वर आलात, तर माझी धूळ खुशाल पुसा. खिडकीकडची ती अर्धी रेघ मात्र पुसू नका.