तोच साबण

"आई, आणखी खोके आहेत का? रांग पार कोपऱ्यावरच्या नळापर्यंत गेलीय," सून दारातूनच म्हणाली. काकूंचा कानांवर विश्वास बसेना.

वीस वर्षं त्या मागच्या खोलीत साबण करत होत्या. खोबरेल तेल, लिंबाची साल, फळीवर महिनाभर वाळवायचं, मग रद्दी कागदात गुंडाळून दहाला एक वडी. खप बेताचाच. गेल्या वर्षी भाव आठवर आणला, तर होती ती गिऱ्हाइकंही फिरकेनात. एवढा स्वस्त म्हणजे यात काहीतरी गोम आहे, असं लोकांना वाटलं. काकू हे सगळं सोडून लाँड्रीत इस्त्रीला जाणार होत्या. तेव्हा सुनेने डोकं लढवलं. पांढरा खोका, हिरवी दोरी आणि भाव ऐंशी. काकूंनी कपाळाला हात लावला होता.

साबणात मात्र चिमूटभर फरक नव्हता. "हे कुणापाशी बोलायचं नाही," सुनेने बजावलं होतं. "कळलं तर सगळंच ओमफस."

बँकेतल्या बाईंनी एक नेला, दहाजणींना सांगितलं, आणि सहा महिन्यांत ही रांग. काकूंच्या पायाला भिंगरी लागली होती. लोक खोक्यांसाठी आपापसात भांडत होते.

"मला सहा द्या. पुढच्या महिन्यात भाव वाढणार म्हणे."

"म्हणे कशाला, वाढणारच," सून ठसक्यात म्हणाली. काकूंना हसू आवरेना. अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

एवढ्यात इस्पितळातली आया पुढे आली. काकूंचं अगदी पहिलं गिऱ्हाईक. लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, ती आजच उगवली.

"काकू, माझ्या त्या कागदातल्या दोन द्या की."

"आता हा असतो. ऐंशीला."

आयाने खोका उघडला, वडी नाकाशी धरली. "अगं बाई, वास तर तोच आहे."

बँकेतल्या बाई हातातला खोका उलटासुलटा करून बघू लागल्या. सुनेचा दोरी बांधणारा हात थांबला. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "हा वेगळा आहे. तो बंद केला मी."

आयाने वडी खोक्यात ठेवली आणि दोरी होती तशी बांधली.

"चांगला होता हो तो," ती म्हणाली, आणि मागच्या माणसाला जागा देत बाजूला झाली.