शेवटची टाळी

घरात रात्रपाळीचं माणूस असलं, की त्याची दिवसाची झोप सांभाळणं किती जिकिरीचं, हे तुम्हाआम्हाला नव्याने सांगायला नको. पाहुण्यांना पक्षी दाखवत हिंडवणाऱ्या एका गाईडची बायको इस्पितळात नर्स होती. ती सकाळी येऊन आडवी व्हायची. कामावर निघण्याआधी गाईड दाराच्या बेलवर चिकटपट्टी लावायचा, गळक्या नळाखालच्या बादलीत फडकं टाकायचा. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली, की हा जिना चढून हजर!

"माणूस रात्रभर राबून आलंय. जनाची नाही, तर मनाची तरी ठेवा!"

आणि हाच गृहस्थ पाणथळीच्या राखीव जागेत काय करायचा? टाळ्या वाजवायचा! पावसाळा सरून पहिला गारवा आला, की तिथे दूरदेशीचे पक्षी उतरायचे. दिवसभर चिखलात चोची खुपसून नाहीतर एका पायावर मान मुरडून बसायचे. बसलेल्या पक्ष्यांचा फोटो कोण काढणार? म्हणून गाईड तळहातांची पोकळी करून एक सणसणीत टाळी हाणायचा आणि अख्खा थवा आभाळात! लोक खूश. टाळीवाला म्हणून त्याचं नाव झालं होतं आणि त्या नावाचा त्याला भारी तोरा होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते उगाच नाही.

एकदा बायकोला सुट्टी मिळाली. "चल, आज माझी टाळी बघच," असं म्हणून तो तिला कौतुकाने घेऊन गेला.

पाण्यावरचं धुकं नुकतंच विरत होतं. पाणकणसांवर चतुर भिरभिरत होते. चिखलाच्या पट्ट्यावर लांब चोचीच्या पक्ष्यांचा मोठा थवा झोपला होता.

"कधी आले हे?" बायकोने हळूच विचारलं.

"आज पहाटेच. रात्रभर उडत येतात बिचारे."

एवढं बोलून त्याने टाळी वाजवली. थवा उठला, गिरकी घेऊन पुन्हा बसला. एका पाहुण्याचा कॅमेरा तयार नव्हता, म्हणून दुसरी टाळी. मग कुणीतरी म्हणालं, "आणखी एकदा होऊ द्या, टाळीवाले!" गाईडचे हात शिवशिवलेच. तिसरी टाळी!

थवा उठला, पण एक पक्षी उठला नाही. त्याने पंख उघडले, दोन पावलं धडपडला आणि उघड्या चिखलात तसाच बसला. पंख मिटायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. वरून घार आली. क्षणात सगळं संपलं. पाहुण्यांनी त्याचाही फोटो काढला.

गाईडने टाळीचे हात पाठीमागे घेतले. तो बायकोकडे बघायचं टाळत होता.

"अहो," ती म्हणाली, "माझ्या झोपेसाठी तुम्ही बेलला पट्टी लावता. का लावता?"

"अगं, तू थकून आलेली असतेस म्हणून."

"मग हे काय सहलीला आलेत? आमच्याकडे थकलेला पेशंट झोपला, की डॉक्टरसुद्धा चवड्यांवर चालतात. अंगात बळ येतं ते झोपेतूनच. यांना अजून पुढे जायचंय. तुमच्या एका टाळीने यांची किती ताकद वाया जाते, कधी विचार केलात?"

"पण लोक त्यासाठीच येतात गं..."

"लोकांना तुम्हीच सवय लावलीत. आता तुम्हीच मोडा."

शब्द जिव्हारी लागले. वरच्या मजल्यावर जाऊन घातलेलं एकेक भांडण त्याला आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. अरेरे! दुसऱ्याला शिकवलेलं आपण कुठे पाळलं?

पुढच्या सकाळी नव्या पाहुण्यांनी फर्माईश केली, "टाळी होऊ द्या!"

गाईडने दोन्ही हात खिशात घातले. "आज टाळी नाही. खाली बसा, आवाज नको."

लोक कुरकुरले, पण बसले. पाय अवघडेपर्यंत काहीच घडलं नाही. मग बोरूच्या उंच गवतातून एक पाणमांजर बाहेर आलं, काठावर अंग झटकून निवांत मासा खाऊ लागलं. लांब चोचीचे पक्षी जागे होऊन चरत चरत इतके जवळ आले, की त्यांच्या पायांचा चिखलातला चुबुकचुबुक आवाज ऐकू येऊ लागला. एवढ्या वर्षांत टाळीवाल्याने तो कधी ऐकला नव्हता! त्याचे डोळे भरून आले.

मंडळी, आपल्या माणसाची झोप आपण जिवापाड जपतो; ज्याला दार नाही, बेल नाही आणि भांडायला तोंड नाही, त्याचीही जपायला हवी.

त्या दिवशी शेवटी आलेल्या एकाने लांबूनच मोठ्याने विचारलं, "काय हो, हे पक्षी उडत का नाहीत?"

गाईडने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला," तो म्हणाला, "रात्रपाळी करून आलेत."