निळी फीत, लाल फीत

लग्न झाल्यापासून दर रविवारी बोर्बाला आणि आरोन एका फाटकातून बाहेर पडत, पुलापर्यंत जोडीनं चालत, आणि पुलाशी आले की तो पूल ओलांडून डावीकडे वळे, ती अलीकडूनच उजवीकडे. डावीकडे युनिटेरियनांचं चर्च, उजवीकडे रिफॉर्म्डांचं; दोन्ही ख्रिस्तीच, पंथ मात्र वेगळे. वळताना आरोन दर वेळी म्हणायचा, "माझ्यासाठी पण दोन शब्द टाक गं." आणि ती म्हणायची, "तुझं तू बघ, मला माझंच पुरे आहे." इतक्या वर्षांत ना त्याचं वाक्य बदललं, ना तिचं.

फेल्शोपटाक गावात असल्या संसारांचा नियम ठरलेला होता. मुलगे बापाच्या चर्चचे, मुली आईच्या. त्यावरून कुणी भांडत नसे. भांडायला कुंपणं आणि कोंबड्या होत्याच. बोर्बालाच्या दोन्ही मुली तिच्यासारख्या रिफॉर्म्ड झाल्या आणि लग्न करून दूर गेल्या. एकुलता एक देनेश बापासारखा युनिटेरियन, पण तो जर्मनीत ट्रक चालवायचा, सणासुदीला यायचा. त्यामुळे आरोनच्या घराण्याचा जो बाक होता, जिथं एकेकाळी आजोबा, बाप, चुलते, भाऊ खांद्याला खांदा लावून बसायचे, तिथं आता आरोन एकटा. शेजारी त्याची टोपी.

"टोपीशी चांगलं जमतं माझं," तो म्हणायचा. "मध्येच खोकत नाही."

म्हणायचा हसून, पण बोर्बाला काय दूधखुळी होती? त्याला नातू हवा होता. बाकावर बसणारा, पाय हलवणारा, उपदेश चालू असताना "आजोबा, संपलं का?" म्हणून विचारणारा नातू.

आणि देवानं द्यायचं तर किती द्यावं! देनेशच्या बायकोला, रेकाला, जुळं झालं. एक मुलगा, एक मुलगी. रेका डोंगरापलीकडची, रिफॉर्म्ड. म्हणजे मोझेश आजोबांचा आणि लिदिया आजीची. सरळ वाटणी. आरोन त्या दिवशी गावभर पालिंका, म्हणजे घरची फळांची दारू, पाजत फिरला आणि घरी आला तो चुकून शेजाऱ्याच्या फाटकातून.

पण आनंदात मिठाचा खडा पडलाच. रिफॉर्म्ड चर्चला नवे पाळक आले होते, झागोनी. तरुण, हुशार, मोठ्या शहरात शिकलेले, मनानं चांगले. पण शिकलेलं सगळं एकाच हिवाळ्यात लोकांच्या गळी उतरवायची घाई. एका रविवारी ते व्यासपीठावरून म्हणाले, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य जे मानत नाहीत, ते प्रोटेस्टंट नव्हेत. पोपपासून फुटून निघालं म्हणजे कुणी प्रोटेस्टंट होत नाही." नाव कुणाचं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. पुलापलीकडं देव एकच म्हणणारे युनिटेरियन सोडून दुसरं होतंच कोण?

आरोनच्या कानावर ते दुपारच्या जेवणाआधीच गेलं. तो चिडला असता तर बोर्बालाला बरं वाटलं असतं. तो नुसता सूप ढवळत राहिला.

"चारशे वर्षं आम्ही प्रोटेस्टंट होतो," तो शेवटी म्हणाला. "ह्यानं एका सकाळी काढून टाकलं. मग मी कोण गं? तुर्क?"

"तू गाढव आहेस," बोर्बाला म्हणाली. "सूप गार होतंय." पण भांड्यातला मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा त्याच्या सुपात घातला.

बाप्तिस्म्याचा रविवार उजाडला. दोन्ही चर्चची वेळ एकच, म्हणून दोन्ही पोरं एकाच वेळी निघायची होती. आई अजून घराबाहेर पडत नाही हा रिवाज, तेव्हा रेका घरीच. तिनं दोन्ही बाळांना उशीसारख्या मऊ दुपट्यात घट्ट गुंडाळलं, एकाला निळी फीत बांधली, एकीला लाल, आणि "आई, फितीवरून कळेल बरं का," असं ओरडून ती कोबीच्या पातेल्याकडं धावली.

कळेल तर काय! बोर्बालाला कळायला काय लागतं? रिफॉर्म्डांच्या चर्चमधल्या टेबलावरचं कापड निळं, तिनं स्वतः भरलेलं. युनिटेरियनांचं लाल. तिनं निळी फीत उचलून छातीशी धरली आणि लाल फीत आरोनच्या हाती दिली. देनेश दोनच दिवसांपूर्वी आलेला; त्या बिचाऱ्याला आपली पोरं टकलावरून ओळखता येत नव्हती. पुलाशी मंडळी फुटली.

"माझ्यासाठी पण दोन शब्द टाक गं," आरोन म्हणाला. लाल फितीकडं बघता बघता त्याचा पाय दगडाला अडखळला.

सगळं यथासांग झालं. झागोनींनी पाणी घातलं, नाव विचारलं, बोर्बालानं खणखणीत आवाजात "लिदिया" सांगितलं. पलीकडे म्हातारे केलेमेन पाळक पाणी घालत असताना आरोननं "मोझेश" म्हटलं, आणि म्हणताना रडला, असं देनेशनं नंतर सांगितलं.

जेवायला दोन्ही पाळकांना बोलावणं होतं. टेबलावर सूप आलं, भरलेला कोबी आला. रेकानं निळ्या फितीचं बाळ कुशीत घेतलं. "आला माझा मोझेश! आजोबांच्या बाकावर बसून आलास?"

"मोझेश कुठला?" बोर्बाला म्हणाली. "ही लिदिया."

"आई, निळी फीत मुलाची!"

"निळी फीत रिफॉर्म्डांची!"

रेकानं दुपटं सोडलं, आणि वादाचा निकाल बाळानंच लावला. कारंजं उडालं ते थेट केलेमेन पाळकांच्या बाहीवर.

"ही लिदिया नव्हे," केलेमेन बाही पुसत म्हणाले. "याबाबतीत तरी दोन्ही चर्चांचं एकमत व्हावं."

सगळे हसले. झागोनी मात्र हसले नाहीत. त्यांनी चमचा खाली ठेवला. "बाप्तिस्मा एकदाच होतो," ते म्हणाले. "मुलाला मी दिला, तो झाला. म्हणजे तो आमच्या मंडळीत आला. नाव दुरुस्त करता येईल. आणि मुलीला…" ते केलेमेनकडं न बघता म्हणाले, "मुलीला नव्यानं द्यावा लागेल. तिकडचा मला धरता येत नाही."

"म्हणजे दोन्ही तुमचीच!" केलेमेन म्हणाले. "वा रे वा. फितीचं निमित्त, आणि आख्खं जुळं पदरात!"

"मला हौस नाही त्याची," झागोनी कळवळून म्हणाले. "पण जे मानतो ते कसं सोडू?"

आरोन उठला, खुंटीवरची टोपी घेतली आणि अंगणात जाऊन ओंडक्यावर बसला. टोपी शेजारी ठेवली. खिडकीतून बोर्बालाला ते दिसलं, आणि तिच्या डोक्यात सणक गेली.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "युनिटेरियन पाळकानं घातलेलं पाणी म्हणजे नुसतं पाणी. बरोबर?"

"काकू, मला वाईट वाटतं, पण…"

"बरोबर की नाही ते सांगा."

"बरोबर."

"मग माझा बाप्तिस्मा कधी करता?"

झागोनींना अर्थच लागेना.

"मी जन्मले तेव्हा आपल्या पाळकांना सरकारनं उचलून नेलं होतं. दोन हिवाळे चर्चला कुलूप. दुसरा पाळक द्यायचं कुणी नाव घेईना. तेव्हा त्या काळातली सगळी रिफॉर्म्ड पोरं पुलापलीकडं नेली. लाल कापडापुढं. ह्या केलेमेनच्या बापानंच पाणी घातलं, आणि कुलूप निघाल्यावर सगळ्यांना एका ओळीनं परत धाडलं. एकही ठेवून घेतलं नाही. एकही! गावात हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे?"

"सगळ्यांना?" झागोनींनी विचारलं.

"घंटा वाजवतो त्याला. ऑर्गन वाजवते तिला. आपल्या चर्चच्या मुख्य पंचांना."

"मुख्य पंचांनासुद्धा?"

"तेव्हा तर ते फार किंचाळले होते म्हणे," केलेमेन म्हणाले.

"आणि सुगीनंतर नव्या भाकरीच्या रविवारी तुम्ही प्रभुभोजनाला जी भाकर मोडून सगळ्यांना वाटलीत," बोर्बाला दोन्ही तळवे टेबलावर ठेवत म्हणाली, "ती ह्या हातांनी मळली होती. मी बाहेरची असेन तर तसं सांगा. मी पण त्या ओंडक्यावर जाऊन बसते."

झागोनींचे कान लाल झाले होते. एवढा शिकलेला माणूस, पण ताटातल्या कोबीकडं असा बघत होता जणू उत्तर त्यातच भरलंय.

"नाही, काकू," ते म्हणाले. "तुम्ही बाहेरच्या नाही. तुमचा बाप्तिस्मा झालाय." मग त्यांनी पाळण्याकडं पाहिलं. "म्हणजे मुलीचाही झाला. म्हणजे ज्याला त्याला आपापल्या घरी पोचवायचं, एवढंच राहिलं."

"मग आम्ही प्रोटेस्टंट ना?" केलेमेननी डोळे बारीक केले.

"ते मी अजून वाचतोय," झागोनी म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

ते स्वतः अंगणात गेले. आरोनशी काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही. बोलताना ते ओंडक्यापुढं उकिडवे बसले होते, इतकं बोर्बालानं पाहिलं.

दुपारी सगळी वरात निघाली. आधी उजवीकडं जाऊन लिदियाचं नाव निळ्या कापडापुढं सांगितलं. मग पूल ओलांडून सगळे डावीकडं गेले. रिकाम्या चर्चमध्ये, लाल कापडापुढं, झागोनींनी मुलाला उचलून धरलं. "ह्याचं नाव मोझेश," ते म्हणाले. "पाणी मी घातलंय. मुलगा तुमचा आहे." आणि त्यांनी तो आरोनच्या हातात दिला.

आरोन आपल्या बाकापाशी गेला. तिथंच बसला, जिथं आयुष्यभर बसत आला होता. शेजारी देनेश बसला. बोर्बाला बायकांच्या बाजूला एका अनोळखी बाकावर टेकली. नाक पुसायला तिला खिशातला रुमाल सापडेना. तिनं लिदियाच्या दुपट्याचं टोक वापरलं. केलेमेन प्रार्थना म्हणू लागले. झागोनी मध्येच उभे, कुठं बसावं त्यांना कळत नव्हतं.

"पाळकसाहेब," आरोननं हाक मारली. "या इकडं."

सवयीनं टोपी त्यानं शेजारीच ठेवली होती. ती उचलायला हात मोकळा नव्हता, दोन्ही हातांत नातू होता. म्हणून झागोनींनीच टोपी उचलली, त्या जागेवर बसले, आणि प्रार्थना संपेपर्यंत ती मांडीवर नीट धरून ठेवली.