आधीची बाटली

"ताई, तुमच्या बाटलीत काहीच निघालं नाही म्हणे," धाकटीने हळूच सांगितले. एवढे हळू सांगायची काही गरज नव्हती, असे थोरलीला वाटले. मोठ्याने सांगितले असते तर निदान तिच्यावर रागावता तरी आले असते.

प्रयोगशाळेत दोघी सहायक. थोरली जुनी, धाकटी नवी, म्हणून ही नावे; बाकी नाते काही नव्हते. काम एका कडू मुळीचे. सूज आली की लोक ती पिढ्यान्‌पिढ्या उगाळून लावत आलेले. तिच्यातले नेमके कोणते द्रव्य सूज उतरवते, हे प्रयोगशाळेच्या मॅडमना शोधायचे होते. मुळी वाळवून कुटायची, अर्क काढायचा आणि काचेच्या उभ्या नळीत भरलेल्या पांढऱ्या पुडीवर तो ओतायचा. एकेक द्रव्य आपापल्या वेगाने खाली उतरते. खालची बाटली भरली की दुसरी लावायची, आणि जिने लावली तिने चिठ्ठीवर आपले नाव घालायचे.

त्या दिवशी थोरलीने आपली भरलेली बाटली बाजूला ठेवली आणि ती चहाला उठली. परत आली तेव्हा नळीखाली धाकटीची बाटली होती आणि तीत मधासारखा पिवळा रंग उतरत होता. चाचणीत पेशींची सूज उतरली ती त्याच बाटलीने.

"लेखात तुझं नाव घालू," मॅडम धाकटीला म्हणाल्या. थोरलीचे नाव लग्नपत्रिका सोडली तर आजवर कुठेही छापून आले नव्हते.

घरी नवऱ्याने सगळे ऐकून घेतले. "चहा महागात पडला गं तुला."

"हसू नकोस. नळी मी भरली होती. तिने भरली की पुडीत बुडबुडे राहतात. तिने फक्त बाटली लावली."

"मग नशीब तिचं."

"तेच तर. तिची अक्कल असती तर सोसलं असतं."

नंतर धाकटीचे सगळेच डोळ्यांत खुपू लागले. तिचे गुणगुणणे खुपे, 'ताई, ताई' करणे तर जास्तच. फ्रिज उघडला की पिवळी बाटली समोर, आणि तिला खेटून थोरलीची, पाण्यासारखी. एका दुपारी थोरलीने आपली बाटली उचलली, टाकाऊ द्रावणांच्या कॅनमध्ये ओतली, धुतली आणि पालथी घातली. जागा अडते, असे तिने स्वतःला सांगितले.

पुढच्या आठवड्यात मॅडम कपाळाला हात लावून आल्या. "पिवळं द्रव्य पूर्ण शुद्ध केलं, तर ते ढिम्म. काही करतच नाही."

थोरलीला इतके बरे वाटले की तिने तोंड वळवून बेसिन पुसायला घेतले.

"त्याला सोबत लागते," मॅडम पुढे म्हणाल्या. "आधीच्या बाटलीतलं काहीतरी थोडं यात मिसळून आलं असणार. शुद्ध करताना ते गेलं. एकटं हेही चालत नाही आणि तेही चालत नाही. आधीची बाटली तुझी ना? आण. दोन्ही मिसळून बघू. जमलं तर दोघींची नावं घालू."

थोरलीच्या हातातले फडके तसेच राहिले.

"मॅडम, ती माझ्याकडून सांडली," धाकटी म्हणाली. "फ्रिज पुसताना हात लागला."

पालथी घातलेली बाटली धाकटीने पाहिली होती तर. थोरलीने तिच्याकडे निरखून बघितले. चेहऱ्यावर डाव नव्हता, उपकाराचा आवही नव्हता. गप्प बसले असते तर अब्रू वाचली असती. पण रंग हिचा, नाव हिचे, आणि आता मोठे मनही हिचेच? एवढे मात्र थोरलीला सोसवेना.

"खोटं बोलतेय ती," थोरली म्हणाली. "मी ओतली. हिच्या बाटलीशेजारी माझी रिकामटेकडी उभी असायची, ते बघवत नव्हतं मला."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मुळी उरलीय?"

"मूठभर."

"मग लावा पुन्हा." नावाचे त्या काही बोलल्या नाहीत.

थोरलीने मुळी स्वतः कुटली आणि नळी भरली. बुडबुडा शोधून सापडला नसता. धाकटीने बाटल्या धुऊन ओळीने मांडल्या. दोघी समोरासमोर स्टुलांवर बसल्या. चहाची वेळ झाली.

"ताई, तुम्ही जाऊन या. मी बघते."

"तू जा."

"नको."

कोणीच उठले नाही. नळीच्या खालच्या तोंडापासून बोटभर वर पिवळा पट्टा दिसू लागला तेव्हा थोरलीने बाटली लावली आणि चिठ्ठीवर आपले नाव सावकाश, नीट लिहिले. थेंब पडत राहिले, पाण्यासारखे. पिवळा रंग अगदी तोंडाशी आला तशी तिने आपली बाटली काढून घेतली.

"लाव तुझी," ती म्हणाली. "मी चहाला जाऊन येते."

आपली बाटली मात्र तिने टेबलावर ठेवली नाही. बूच घट्ट बसवून कोटाच्या खिशात घातली.