हळवीचं शून्य

मलमपट्ट्यांच्या त्या कारखान्यात तिला सगळे हळवी म्हणत. नाव पट्ट्या कापणाऱ्या कात्रीवालीनं ठेवलेलं, सतरा वर्षांपूर्वी, पहिल्याच चाचणीच्या दिवशी. चाचणी घेणाऱ्या मॅडमनी हातावरच्या पट्टीची कड नुसती चिमटीत धरली, ओढलीसुद्धा नाही, तर ही बया "आई गं!" म्हणून अशी ओरडली की पॅकिंगच्या बायका हातातली खोकी टाकून धावत आल्या. तिला घेतलं होतं ते पट्ट्यांच्या कडा तपासायला. त्या दिवसापासून कडा तपासणं हे जोडकाम झालं आणि दुखणं हे मुख्य काम.

काम तसं सोपं होतं. नवा गोंद तयार झाला की त्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या सहा बायकांच्या हाताच्या आतल्या बाजूला लावायच्या, शेजारी पेनानं क, ख, ग लिहायचं आणि घरी जायचं. अंघोळ, धुणंभांडी, सगळं त्या पट्ट्यांसकट. दुसऱ्या दिवशी चाचणीच्या खोलीत मॅडम पट्टी मागे दुमडत सावकाश काढायच्या आणि ती सुटल्याबरोबर, फार विचार न करता, आकडा सांगायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. पाच जणींचे आकडे मॅडम लिहून घ्यायच्या आणि हळवीच्या आकड्यावर निर्णय घ्यायच्या. तो दोनच्या वर गेला की गोंद परत वरच्या मजल्यावर, गोंद बनवणाऱ्यांकडे. "हळवीला दुखलं नाही तर जगात कुणालाच दुखणार नाही," हे मॅडमचं ठरलेलं वाक्य, आणि सतरा वर्षं ते खरंही ठरत आलं होतं.

हात किती लाल झाला तेही मॅडम एका रकान्यात लिहायच्या. पण हळवीचा हात घड्याळाच्या पट्ट्यानंही लालभडक व्हायचा, तेव्हा तिच्या नावापुढचा तो रकाना कुणी वाचायच्या भानगडीत पडत नसे. घोळ झाला तो इथे.

सात महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला. आठ दिवस हॉस्पिटलात होता, नवव्या दिवशी सकाळी संपलं. नर्स त्याच्या हातावरची सुई काढायला आली, तेव्हा ही म्हणाली, "थांबा, चिकटपट्टी मी काढते." आणि तिनं ती कारखान्यात काढतात तशी काढली. एका बोटानं कातडी दाबून धरली, पट्टी मागे दुमडली, एकही केस ओढला जाऊ दिला नाही. नर्स बिचारी भली होती. म्हणाली, "ताई, आता त्यांना दुखणार नाही." हळवीनं मान डोलावली आणि उरलेली पट्टी तेवढ्याच सावकाश काढली.

ती रडली नाही. भेटायला आलेल्या बायका वाट बघून दमल्या. धक्का बसलाय, चार दिवसांनी बांध फुटेल, असं म्हणत आपापल्या घरी गेल्या. चार दिवस झाले, चार महिने झाले, काही फुटलं नाही. चहाचं भांडं उतरवताना बोट भाजलं तर ते फोड आल्यावर कळायचं. चहात साखर आहे की नाही हे सासऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं. ती कामावर जायची, यायची, सासऱ्यांचं करायची. घरात आता ही दोघंच होती, आणि एका माणसाबद्दल बोलायचं नाही हे दोघांनी न ठरवता ठरवून टाकलं होतं.

अशात 'ग' आला.

'ग' हा मॅडमचा चार वर्षांचा ध्यास. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ. घट्ट चिकटणारी पट्टी काढली की कातडी सोलून येते आणि अलगद निघणारी पट्टी घामानं गळून पडते. घट्ट बसेल आणि तरी न दुखवता निघेल असा गोंद मॅडमना हवा होता. कात्रीवालीच्या हातावरून 'ग' निघाला तेव्हा तिनं दात आवळून सांगितलं, "पाच. सहाच लिहा हवं तर."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या हळवीकडे वळल्या. पट्टी दुमडली, काढली. हळवीनं दुखणं शोधलं. हातात शोधलं, खांद्यापर्यंत शोधलं. पट्टी निघताना दिसत होती, तिचा बारीक चर्र आवाज येत होता. बाकी काही नव्हतं.

"शून्य," ती म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "परत सांग."

"शून्य."

"अगं, माझे केस मुळासकट आले!" कात्रीवाली म्हणाली. "आणि तुला शून्य? तुला?"

"तुझा हात म्हणजे जंगल आहे," मॅडम हसून म्हणाल्या. चार वर्षांत त्यांना कुणी असं हसताना पाहिलं नव्हतं.

हळवी खोटं बोलली नव्हती. किती दुखलं असं विचारलं होतं आणि दुखलं नव्हतं. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोनदा चाचणी झाली, दोन्ही वेळा शून्य. पाकिटं छापून आली: वृद्धांच्या नाजूक त्वचेसाठी, काढताना दुखत नाही. सोमवारी दोनशे पट्ट्या एका वृद्धांच्या वॉर्डात जायच्या होत्या. शुक्रवारी मॅडमनी हळवीच्या हातात एक पाकीट ठेवलं. "सासऱ्यांना लाव. पहिला मान तुमच्या घराला."

सासऱ्यांची नडगी पलंगाच्या कडेला घासून सोलली होती. त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, आतल्या निळ्या शिरा मोजून घ्याव्यात. शुक्रवारी संध्याकाळी तिनं पट्टी लावली. छान बसली. रविवारी सकाळी खिडकीपाशी खुर्ची ओढून ती पट्टी काढायला बसली. कातडी दाबून धरली, कड दुमडली, सावकाश ओढत गेली. सासरे पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होते.

पट्टी निघाली तेव्हा ती जाड दिसली. तिनं उलटून पाहिलं. गोंदावर हाताच्या पंजाएवढी नसेल, पण चांगली दोन बोटं कातडी आली होती. नडगीवर ओला लाल चौकोन उघडा पडला होता आणि त्यातून ठिपक्याठिपक्यांनी रक्त वर येत होतं.

"बाबा, दुखलं?"

"छे," सासरे म्हणाले.

त्यांच्या पायाची बोटं आत वळली होती. दोन्ही मुठींत चादर होती. डोळ्यांतून पाणी येऊन हनुवटीपर्यंत पोचलं होतं.

"ओरडला का नाहीत?"

"तू एवढ्या जपून काढत होतीस. म्हटलं, ओरडलो तर तुला वाईट वाटेल."

"मला काही वाटलं नसतं, बाबा," ती म्हणाली. हे खरं होतं. आता या क्षणीसुद्धा, सोललेला पाय समोर असताना, तिला काही वाटत नव्हतं. फक्त तशा दोनशे नडग्या तिला स्वच्छ दिसल्या, एकाखाली एक, यादीतल्यासारख्या.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचली. मॅडम खोके मोजत होत्या.

"हे पाठवू नका," ती म्हणाली आणि कागदात गुंडाळून आणलेली पट्टी टेबलावर उघडली.

मॅडमनी पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. "त्यांची कातडी जास्तच खराब असेल. तुझी तीन शून्यं आहेत माझ्याकडे. तीन!"

"माझी शून्यं धरू नका."

"म्हणजे? खोटं सांगितलंस?"

"नाही. मला काहीच लागत नाही. पट्टी ओढली तरी नाही, भाजलं तरी नाही. सांगायला हवं होतं. मला वाटलं, तुम्ही विचारलंत तेवढंच सांगायचं असतं."

मॅडमनी तिचा हात धरून भिंगाच्या दिव्याखाली ओढला. तीन आठवड्यांचे तीन 'ग' तिथे होते. एक खपली धरलेला, एक चिघळलेला, एक अजून ओला. मग त्यांनी वही उघडून लालीचा रकाना वाचला, जो सतरा वर्षांत कुणी वाचला नव्हता. तिथे तीनही वेळा, त्यांच्याच अक्षरात, सवयीच्या घाईत, कातडी निघाली असं लिहिलेलं होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सात महिने."

मॅडम खुर्चीत बसल्या. चार वर्षं पाण्यात गेलेल्या बाईनं ओरडायला हवं होतं, त्या ओरडल्या नाहीत. खोकी परत आत न्यायला सांगून त्यांनी एक कोरा तक्ता काढला. "माल थांबवायचा तर वरिष्ठांना आकडा द्यावा लागेल. ज्याला दुखलं त्याचा. विचारून, भरून आण."

निघताना कात्रीवालीनं तिचा हात उलटसुलट करून पाहिला. "आता तुला काय नावानं हाक मारायची गं?" ती म्हणाली. चेष्टा करायला गेली होती, पण धरलेला हात सोडेना.

संध्याकाळी हळवीनं सासऱ्यांच्या नडगीवर मलम लावून मऊ पट्टी सैलशी बांधली, गोंद नाही, नुसती गाठ. मग तक्ता मांडीवर घेतला.

"बाबा, आता खरं सांगायचं. शून्य ते दहा. किती दुखलं?"

सासऱ्यांनी नजर वळवली. पलीकडच्या भिंतीशी मुलाचे बूट अजून जोडीनं ठेवलेले होते. ते तिकडे बघत होते.

"तुमच्या कागदावर दहाच्या पुढे काही नसतं का?"

तिनं तक्ता पुन्हा पाहिला. "नाही."

"मग दहा लिही."

तिनं दहा लिहिलं.

"आणि तू काय सांगितलं होतंस त्यांना?"

"शून्य."

सासऱ्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. त्या तीन जखमांवर पट्टी बांधायचं तिला सुचलंही नव्हतं. त्यांनी पांढऱ्या पट्टीची उरलेली गुंडाळी तिच्या मांडीवरून उचलली.

"दे हात इकडे," ते म्हणाले.

तिनं हात दिला. पट्टी वाकडीतिकडी बसत होती. प्रत्येक वेढ्याला ते विचारत होते, दुखतंय का, आणि ती प्रत्येक वेळी नाही म्हणत होती.