कालदुर्गावरचा खरा आकडा

हे तुम्ही मानणार नाही. बेटेगावात आजवर कोणी मानलेलं नाही. पण सदुसष्ट सालच्या वैशाखात मी ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसून रंगूनच्या माणसाशी पालघरची गाठ घालून दिली.

पालघरला कृष्णकांत मास्तर होते. शाळा सुटली की घरी बांधलेल्या बिनतारी संचावर टिकटिक करत, परक्या मुलखातल्या हौशी लोकांशी बोलत. मुंबईची मित्रमंडळी म्हणत, हा संच वसईपुढे जायचा नाही. मास्तरांनी हट्टाने कालदुर्गाच्या डोंगरावर संच न्यायची एका दिवसाची परवानगी काढली. आज कोणी खरोखर ऐकलं नाही तर संध्याकाळी संच मोडून टाकीन, असं बायकोसमोर बोलून निघाले. मोटारीची बॅटरी माझ्या डोक्यावर, पाण्याचा हंडा माझ्या बहिणीच्या, बुधीच्या डोक्यावर.

वर पोचल्यावर मास्तरांनी आम्हाला रीत सांगितली. समोरचा माणूस आकडे कळवतो. पहिला, अक्षरं किती कळली त्याचा. पाच म्हणजे सगळी. दुसरा आवाजाच्या जोराचा आणि तिसरा सुराचा. ते नऊपर्यंत जातात.

बांबूला तार बांधून टिकटिक सुरू झाली. घटकाभरात सिलोनहून उत्तर आलं, पाच-नऊ-नऊ. मी बॅटरीला नमस्कार केला. मास्तर मात्र वहीत काही लिहीनात. त्या माणसाने त्यांचं नाव तीनदा विचारलं होतं.

"सगळं कळलं म्हणतो, मग नाव कशाला विचारतो?" मास्तर म्हणाले. "मन राखतोय माझं. असला आकडा मला नको."

मद्रासच्या माणसानेही तेच केलं. मास्तरांनी पेन्सिल खिशात घातली आणि कड्यावरच्या ऐनाकडे बघितलं. तार तिथवर चढली तर काही आशा होती.

चढलो मी. तारेला सुती दोर, दोर माझ्या दातांत. शेंड्यावरून तारापूरचं बांधकाम दिसलं, नवापूरच्या होड्या दिसल्या, आणि मान जरा उंच केली तर अरबस्तानातला एक उंटसुद्धा. तांबड्या मुंग्या मांडीपर्यंत आल्या, तरी मी हललो नाही. खाली मास्तर दुपारभर टिकटिकवत राहिले. बोट सुजलं तसं दुसरं लावलं.

उन्हं कलली आणि रंगून बोललं. तीन-चार-नऊ. अक्षरं तुटतात, नाव कसंबसं लागलं, असं त्याने सरळ कळवलं. मास्तरांनी तो तीनचा आकडा वहीत इतका ठसठशीत काढला की कागद फाटला. संच वाचला होता.

मग रंगूनवाल्याने विचारलं, तार कोणी धरली आहे? एक वीत डावीकडे सरकवा. मी सरकलो. लगेच तिनाचे चार झाले. त्याने माझं नाव मागितलं, आणि मास्तरांनी एकेक अक्षर सावकाश ठोकलं, जि, व,

मी एवढं सांगतोय तोच, शेजारी सुकट निवडता निवडता बुधीने मान वर केली.

"बुधी ठोकलं मास्तरांनी. झाडावर मी व्हते, जिवल्या. तू खाली बॅटरीवर बसून करवंदं खात व्हतास."